आधी डावे हात

जयमाला मढवी बाईंच्या वर्गात डावा हात वर करायला कोणी लाजत नसे. लाजलं तर बाई चिडायच्या. तशा त्या कशावरही चिडायच्या. खडू ओला निघाला की चिडायच्या, पोरं गैरहजर राहिली की चिडायच्या, आणि पोरं हजर राहून गप्प बसली की सगळ्यात जास्त चिडायच्या. गावात त्यांना मागून मिरचीबाई म्हणत. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "म्हनू दे. निदान झोप तरी उडंल त्यांची."

मी आता डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिक पाठ घ्यायला ज्या शाळेत जाते तिथे मला बाई आठवतात, आणि आठवणीबरोबर राग येतो. तो राग आत ठेवून ठेवून कंटाळले म्हणून लिहायला बसले आहे.

गावाचं नाव सांगत नाही. दिवाळे गावाहून खाडीच्या कडेकडेने चालत निघालं की लागतं, एवढं पुरे. तेव्हाचे आमचे हेडमास्तर शिवराम गुरुजी अजून आहेत, निवृत्तीचा त्यांचा मोठा सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, आणि लोक म्हणतात माणूस वाईट नव्हता. लोकांना म्हणू द्या. मी म्हणणार नाही.

वर्षातून एकदा साहेब शाळा तपासायला यायचे. आदल्या दिवशी गुरुजी एकेका वर्गात येऊन सांगायचे, "उद्या साहेबांनी काहीही विचारलं तरी सगळ्यांनी हात वर करायचा. ज्याला येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. कळलं?" दुसऱ्या दिवशी साहेब प्रश्न टाकायचे, अख्खा वर्ग हात वर करायचा, आणि गुरुजी हसतमुखाने एखाद्या उजव्या हाताला उभं करायचे. उत्तर बरोबर यायचं. साहेब खूश, शेरा उत्तम, मग चहा-पोहे, आणि जाताना जीपमध्ये पापलेटांची पिशवी. ती पिशवी बहुतेक वेळा माझ्या आईच्या टोपलीतून जायची, फुकट.

मी डाव्या हाताची होते. माझ्यासारखी बरीच होती. आमचा हात वर्षातून एकदा वर जायचा, साहेबांना मोजायला बरा दिसायचा, आणि खाली यायचा. बाकीचं वर्षभर तो हात कोणी पाहिला नाही. गुरुजींना नेमकं ठाऊक होतं कोणाला येत नाही ते. ठाऊक असून त्यांनी त्याचा उपयोग कशासाठी केला, तर आम्हाला चुकूनही प्रश्न जाऊ नये म्हणून. याला मी काय म्हणू? वाईट नव्हता म्हणू?

ऐंशी साली मी चौथीत दुसऱ्यांदा बसले होते. माझी आई शेवंताबाई रोज वाशीला सेक्टरात मासळी विकायला जायची. बाबांचं मिठागर नव्या शहरासाठी गेलं होतं, त्या शहरात काम कधी मिळायचं, कधी नाही. आईने मला स्वच्छ सांगून ठेवलं होतं की आता नापास झालीस तर शाळा बंद, टोपली घ्यायची. ती दुष्ट नव्हती. तिला खरोखर वाटायचं की मी आळशी आहे, कारण घरी मी धडेच्या धडे घडाघडा म्हणून दाखवायचे. "सगलं येतं तुना. मुद्दाम लिवत नाय तू," असं म्हणून ती मला फटके द्यायची. मला काय होतंय ते मलाही सांगता यायचं नाही. मला वाटायचं, शाळा म्हणजे असंच असतं. काही पोरांना कागद बोलतो, काहींना बोलत नाही.

त्या जूनमध्ये मढवी बाई आमच्या शाळेत आल्या. शेजारच्याच गावच्या, आगरी, त्यांच्या घरात पहिल्याच शिकलेल्या. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत त्यांच्या गळ्यात टाकली गेली.

आमच्या शाळेत एक टेपरेकॉर्डर होता. वाशीच्या नव्या सोसायट्यांमधल्या बायकांच्या एका मंडळाने तो भेट दिला होता, सोबत दोन कोऱ्या कॅसेट. फोटो निघाले, पेढे वाटले. मग गुरुजींनी त्याला खाकी कापडाचा झगा शिवून घेतला, डेडस्टॉकच्या वहीत त्याची नोंद केली आणि तो ऑफिसच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "मौल्यवान वस्तू आहे. मुलांचे हात लागले की संपलं," म्हणायचे. वर्षातून एकदा तो बाहेर निघायचा, दसऱ्याच्या पाटीपूजनाला. सरस्वतीच्या शेजारी त्याला पाटावर बसवायचे, झेंडूची माळ घालायचे, हळदकुंकू वाहायचे, आम्ही रांगेने पाया पडायचो. मला बरीच वर्षं तो देवच वाटायचा. एवढी पूजा होते, आणि कधी काही बोलत नाही.

त्या दसऱ्याला आरती संपली आणि मढवी बाईंनी देवाची माळ काढली. पिशवीतून स्वतः आणलेले सेल काढून मागच्या बाजूने बसवले. गुरुजी "अहो बाई, अहो बाई," करेपर्यंत त्यांनी बटण दाबलंसुद्धा. बटण दबेना. फटीत वर्षानुवर्षांचं कुंकू जाऊन बसलं होतं. बाईंनी अंबाड्यातली पिन काढली आणि तिथेच मांडी घालून ते कुंकू कोरायला लागल्या. कोरता कोरता बोलत होत्या, "पूजा करतायत. वापरायची वस्तू हाय, तिची पूजा करतायत." गुरुजी पालकांच्या देखत काही बोलू शकले नाहीत. शनिवारी एकदा वापरायचा आणि शाळा सुटताना परत द्यायचा, या बोलीवर टेप बाईंना मिळाला.

मग दर शनिवारी बाई आम्हाला एकेकाला व्हरांड्यात बोलवायच्या. पुस्तकाचं पान समोर, टेप चालू, आणि वाच. कोणाला खोकला यायचा, कोणी नुसतंच हसायचं. सगळ्यांचं झालं की बाई मधल्या सुट्टीत डबा न खाता ते ऐकत बसायच्या. पुढे सरकवायच्या, मागे आणायच्या, पुन्हा ऐकायच्या. आम्हाला वाटायचं बाईंना गाण्यांचा नाद आहे आणि गाणी मिळत नाहीत म्हणून त्या आम्हाला ऐकतात.

माझी पाळी आली तेव्हा मी कुंभाराचा धडा घडाघडा म्हटला. कुंभार माती आणतो, तुडवतो, मडकी घडवतो, भट्टी लावतो, बाजारला जातो. आवाज माझा खणखणीत. म्हटला आणि उड्या मारत मैदानात गेले.

थोड्या वेळाने बाईंनी हाक मारली. टेप त्यांच्या मांडीवर होता आणि माझं पुस्तक हातात.

"वैशाली, भट्टीचं पान कुठाय?"

"फाटलंय बाई. चुलतभावाकडं होतं ना पुस्तक, तवाच."

"मग तू आता वाचलंस ते कशात बघून?"

मी मैदानाकडे पाहायला लागले. वर्गाच्या गोंगाटात हे कोणाला कधीच कळलं नव्हतं. नसलेलं पान मी मध्ये कुठे न थांबता वाचून दाखवत होते, आणि पुस्तक बदलून चुलतभावाचं आलं तरी माझं वाचन बदललं नव्हतं. बाईंनी फळ्यावर एकच शब्द लिहिला आणि म्हणाल्या, हा वाच. मला येईना. मी धडा पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले, म्हणजे तो शब्द वाटेत कुठेतरी सापडेल. बाईंनी माझं तोंड हाताने बंद केलं. मला वाटलं आता मार बसणार.

त्या मला मनगटाला धरून ऑफिसात घेऊन गेल्या.

"ही पोर चौथीत दुसऱ्यांदा बसलीय गुरुजी. तिला अक्षरं येत नायत. इतकी वर्षं ती या शाळेत बसते. कोणाला ठाऊक होतं?"

गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आवाज खणखणीत आहे हो तिचा. स्वागतगीताला आपण तिलाच पुढे उभी करतो."

बाईंनी टेबलावर हात आपटला. दौत सांडली. मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं की माझ्यासाठीसुद्धा कोणीतरी रागावू शकतं. माझ्यावर तर सगळेच रागवायचे.

त्यानंतर वर्गातली बसायची रीत मोडली. तिसरी-चौथी असं काही राहिलं नाही. टेपवर जो जिथे अडला तशा चटया पडल्या. अक्षराला अडणारे एका चटईवर, जोडाक्षराला अडणारे दुसऱ्या, आणि नंदकिशोरसारखे भरभर वाचणारे पण काय वाचलं ते न कळणारे तिसऱ्या. नंदकिशोर म्हणजे गुरुजींचा कायमचा उजवा हात. त्याला चटई मिळाली म्हणून त्याची आई भांडायला आली होती. बाईंनी तिला टेप ऐकवला, मग नंदकिशोरला विचारलं, कुंभार भट्टी का लावतो? त्याला सांगता आलं नाही. त्याची आई त्याला चटईवर सोडून घरी गेली. चटया कायमच्या नव्हत्या. शनिवारी पुन्हा टेप, आणि सोमवारी कोणी ना कोणी आपलं दप्तर उचलून पुढच्या चटईवर जायचं.

आणि गुरुजींची युक्ती बाईंनी उचलली, पण रोजच्यासाठी. "येतं त्यानं उजवा, येत नाय त्यानं डावा. आणि मी आधी डाव्यांना विचारनार, कुठं अडतंय." पहिले काही दिवस कोणी डावा हात वर करेना. कोण करणार? मग एकाने विचारलं, बाई, अर्धं येत असंल तर? बाई म्हणाल्या, दोन्ही. त्यावर सगळ्या वर्गाने दोन्ही हात वर केले, पोलीस आल्यासारखे, आणि बाई पहिल्यांदा हसल्या. त्यानंतर डावे हात बिनधास्त वर जायला लागले. "कुठं अडतंय" हा एकच प्रश्न त्या दिवसभर विचारायच्या. कुठं अडतंय ते सांगता आलं की निम्मं काम झालंच म्हणून समजा.

दिवाळीनंतर बाईंनी आईला शाळेत बोलावलं. आई मासळीची टोपली दारात ठेवून आली. बाईंनी तिला कुंभार ऐकवला आणि नसलेलं पान दाखवलं. आईला क्षणभर काही समजलं नाही आणि समजलं तेव्हा ती माझ्यावर धावून आली.

"म्हंजे इतकी वरसं मना फसवलंन?"

"तिनं नाय फसवलं, आमी फसवलं," बाई मध्ये उभ्या राहिल्या. "शाळेनं. तिला नको मारूस, मला मार."

आईचा उगारलेला हात खाली आला. मग म्हणाली, "मंग कशाला ठेवू हितं? चल टोपली घे."

"शिमग्यापर्यंत दे," बाई म्हणाल्या. "शिमग्याला ये. हाच टेप लावून दावते. नाय वाचली तर ने."

आईने माझ्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं. "शिमग्यापरत," म्हणाली आणि गेली.

फेब्रुवारीत साहेब आले. आदल्या दिवशी गुरुजी नेहमीप्रमाणे सांगायला आले तर बाई म्हणाल्या, आमच्या वर्गाला माहीत आहे. गुरुजी निश्चिंत झाले. दुसऱ्या दिवशी साहेब खुर्चीवर बसले आणि त्यांनी विचारलं, पाऊण किलो म्हणजे किती ग्रॅम. सगळे हात वर गेले. साहेबांचा चेहरा फुलला. गुरुजी नंदकिशोरचं नाव घेणार एवढ्यात बाई पुढे झाल्या.

"साहेब, एक सांगते. उजवा हात म्हणजे येतं, डावा म्हणजे येत नाही. आम्ही रोजच असं करतो. तुम्ही आधी डाव्यांना विचारा. ते सांगतील कुठे अडतं ते."

गुरुजी भिंतीवरचा नकाशा बघायला लागले. साहेबांच्या डोक्यात तेव्हा काय चाललं असेल ते मला आत्ता कळतं. आजवर किती शाळांत किती हात त्यांनी पाहिले असतील, आणि किती 'उत्तम' लिहून पापलेटं घरी नेली असतील.

बाईंना वाटलं साहेबांना समजलं नाही. त्यांनी उत्साहाने टेप लावला. आधी माझा दसऱ्यानंतरचा कुंभार, मग गेल्या शनिवारचं माझं वाचन, न पाहिलेल्या पुस्तकातलं, अडखळत, बोट ठेवून, पण वाचन. लावून त्या साहेबांकडे पाहत उभ्या राहिल्या. असा चेहरा मी त्यांचा पुन्हा पाहिला नाही.

साहेब म्हणाले, "हे यंत्र कोणाच्या परवानगीने वापरलं?"

एवढंच. एवढंच विचारलं त्या माणसाने. गुरुजी म्हणाले, मला कल्पना नव्हती साहेब. टेप झगा घालून कपाटात गेला आणि किल्ली गुरुजींच्या जानव्याला.

शिमग्याच्या आधी आई आली. "लाव तुजा टेप," म्हणाली. बाईंनी सांगितलं की तो कपाटात गेला, मिळत नाही. आईने हात झटकले. "बरा गेला कपाटात! आता ही बोलंल पाठ केलेला, आनि मी हो म्हनू?" मग तिला काय सुचलं कोण जाणे. सुकी मासळी बांधायला ती रद्दी घ्यायची, ती टोपलीत होतीच. तिने मधूनच एक चुरगळलेला कागद ओढला, बोंबलाचा वास येणारा, आणि माझ्यापुढे धरला. "हा नाय ना पाठ तुना? हा वाच."

मी बोट ठेवलं. एकेक अक्षर करत वाचलं की जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे मंगळवारी पाणीपुरवठा बंद राहील. जलवाहिनीला मी दोनदा अडले. आई ओरडली, "मंगलवारी? पानी नाय त मावरं कोन घेल वाशीला? आदी सांगाला नको?" आणि मग थांबून म्हणाली, "कदीचा हाय पेपर?" मी वरचा कोपरा वाचला. मागच्या पावसाळ्यातला होता. आईने तो कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि कमरेला खोचला. मग टोपली डोक्यावर घेऊन एकटीच निघाली. त्या वर्षी मी पास झाले.

जूनमध्ये बाईंची बदली झाली. मोखाड्याकडे, डोंगरात, जिथे वीज नव्हती आणि एसटी अर्ध्या वाटेत सोडायची. कारण कोणी सांगितलं नाही. तक्रार नाही, चौकशी नाही, नुसता कागद. आमची शाळा सातवीपर्यंत होती, म्हणून आम्ही गुरुजींच्याच हाताखाली राहिलो. चटया गुंडाळल्या गेल्या. पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा तेच साहेब यायचे होते, आणि गुरुजी वर्गात येऊन म्हणाले, "उद्या सगळ्यांनी हात वर करायचा. येतं त्याने उजवा..." पुढचं आम्ही ऐकलं नाही. शाळा सुटल्यावर बंदरावर बसून आम्ही आमचं ठरवलं.

साहेबांनी प्रश्न विचारला. सोपा होता, सगळ्यांना येत होता. अख्ख्या वर्गाने डावा हात वर केला.

गुरुजी आमच्याकडे बघत राहिले. कोणाला उठवायचं त्यांना कळेना. शेवटी म्हणाले, नंदकिशोर, तू सांग. नंदकिशोर उभा राहिला, डावा हात तसाच वर ठेवून, आणि म्हणाला, "येत नाही गुरुजी." साहेबांना डाव्या हाताचा अर्थ गेल्या वर्षीच समजला होता. त्यांचे कान लाल झाले. पोहे न खाता ते जीपमध्ये जाऊन बसले. पापलेटं त्या दिवशी आईने घरी आणून तळली.

शिमग्याला बाई माहेरी आल्या आहेत असं समजलं तेव्हा आम्ही सगळे पळत त्यांच्या गावी गेलो. त्या ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या, वाळल्या होत्या. आम्ही एकमेकांच्या अंगावर ओरडत सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं बाई हसतील, निदान डोळे तरी पुसतील.

बाईंनी सूप खाली ठेवलं. "प्रश्न येत होता तुमाला?"

"हो बाई. सगळ्यांना."

"सगल्यांना?"

आमच्यात रहिमा नव्हती. ती बाई गेल्या त्याच जूनमध्ये उरणकडच्या उर्दू शाळेतून आली होती, मराठी अक्षरांशी झटापट करत होती. मी म्हटलं, "रहिमाला सोडून."

"तिचा हात कुठला होता?"

"डावाच. सगळ्यांचाच डावा."

बाई इतक्या मोठ्याने ओरडल्या की घरातली माणसं बाहेर आली. "मग गुरुजींनी काय वेगलं केलं? एका पोरीचा हात खरा होता, तो तुमी झाकलात! आता तिला कोन विचारनार कुठं अडतंय ते? खोटं बोलाला दिला होता का मी तुमाला तो हात?"

मला बाईंचा भयंकर राग आला. आम्ही त्यांच्यासाठी केलं होतं, आणि त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. घरी येईपर्यंत मी रडत होते आणि वाटेत नंदकिशोरला म्हणत होते, पुन्हा जाणार नाही. तो राग माझ्या मनात अजून आहे, थोडा.

शिमगा संपून शाळा उघडली. मी माझं दप्तर उचललं, रहिमाच्या शेजारी जाऊन बसले आणि तिला विचारलं, कुठं अडतंय.